दर्यातल्या गवंड्याचा हुद्दा

पालीतून समुद्र दिसत नाही. दिसतो तो राजगड, आणि त्याच्या मागे एकीमागून एक उठलेल्या सह्याद्रीच्या रांगा. कोकणात उतरायचे तर अजून घाट ओलांडावा लागतो. तरीही मराठ्यांच्या आरमाराबद्दल, आणि त्यातही आरमारासाठी दगड-चुना वाहणाऱ्या माणसांबद्दल काही बोलायचे तर ते भोर-वेल्ह्याच्या या कोपऱ्यातून बोलणे मला रास्त वाटते. १६५९ साली कल्याण-भिवंडीकडे गलबते बांधायला काढली तेव्हा राजधानी राजगड होती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेव्हाही राजधानी राजगडच होती. दर्यावरच्या खर्चाचा, माणसांचा आणि हुकमाचा धनी या डोंगरावर बसत होता, आणि गडाचा राजमार्ग पालीकडून, पाली दरवाज्यातून वर चढत होता.

अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा हा दरवाजा आहे असे सांगतात. शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी पोरे त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. गड कोणी बांधला असे विचारले तर उत्तर एकच येते, आणि ते चुकीचे नाही. गड शिवाजी महाराजांनी बांधला. पण या उत्तरात एक क्रियापद फार मोठे ओझे वाहते आहे. बांधवून घेणारा आणि बांधणारा या दोघांना आपण एकाच शब्दात बसवून टाकले, आणि दुसरा त्यात कधी विरघळला ते कळलेही नाही.

डोंगरी किल्ल्यापुरते हे एक वेळ चालून जाते. डोंगरावर गवंडी आधी येतो आणि शिपाई नंतर. खडकात टाके खोदायचे, निघालेला दगड तटाला लावायचा, टाक्यात पावसाचे पाणी साठवायचे, आणि तट उभा राहिला की गडकऱ्याच्या ताब्यात देऊन पुढच्या कामाला लागायचे. दोघांच्या कामांत वेळेचे अंतर असते, म्हणून दोघांच्या ओळखीतही अंतर राहते. एक मजूर, दुसरा लढवय्या. समुद्रात मात्र हे अंतर उरत नाही. बेटावर दगड टाकला जातो तो शत्रूच्या डोळ्यांदेखत. दगडाची होडी आणि बारुदाची होडी एकाच वाटेने येते, आणि तोफेचा गोळा पाथरवट कोण, शिपाई कोण हे विचारून पडत नाही. समुद्रावर बांधणे ही लढाईची तयारी नसते. ती लढाईच असते. मग बांधणाऱ्याचा हुद्दा काय, हा प्रश्न नुसत्या मानपानाचा राहत नाही. तो मेला तर काय म्हणून मेला, पकडला गेला तर काय म्हणून पकडला गेला, आणि त्याच्या घरच्यांना काय मिळायचे, हे सगळे त्या एका उत्तरावर ठरते.

खांदेरीइतके याचे ढळढळीत उदाहरण जगाच्या आरमारी इतिहासात थोडेच सापडेल. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि थोड्या लहान तोफा घेऊन थळच्या समोरच्या या ओसाड बेटावर उतरला. मुंबई बंदराच्या तोंडाशी बसलेले बेट. तिथे मराठ्यांचा तट उभा राहिला तर मुंबईची ये-जा त्यांच्या नजरेखालून होणार, हे इंग्रजांना लगेच कळले. त्यांनी आधी निरोप पाठवला, मग गलबते पाठवली. सप्टेंबरमध्ये बेटाला भिडायच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरच्या १८ तारखेला मराठ्यांच्या दौलतखानाचे आरमार इंग्रजी ताफ्यावर तुटून पडले. त्यात इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली, पण ‘रिव्हेंज’ या मोठ्या गलबताने नेट धरून दौलतखानाला मागे हटवले. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमारही इंग्रजांच्या मदतीला आले.

इतिहासाच्या पुस्तकांत ही ‘खांदेरीची लढाई’ म्हणून येते, आणि ती गलबतांच्या मोजदादीत सांगितली जाते. मला तिच्यात वेगळीच गोष्ट मोठी वाटते. या सगळ्या महिन्यांत बेटावर बांधकाम चालू होते. वेढा घालणाऱ्यांची मोठी गलबते वाऱ्यावर आणि खोल पाण्यावर अवलंबून. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून आणि खडपांमधून निसटणाऱ्या. रात्रीच्या अंधारात थळच्या किनाऱ्यावरून त्या सुटत आणि दाणागोटा, माणसे, बांधकामाचे सामान बेटावर टाकून परतत. इंग्रजांना ही ये-जा काही केल्या तोडता आली नाही. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी नाद सोडला. तट उभा राहिला, म्हणून बेट राहिले. दौलतखानाने समुद्रावर काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब बरोबरीचा लागेल, पण भिंतीचा हिशेब एकतर्फी आहे. ती रोज थोडी वाढत गेली आणि लढाई जिंकली.

आता त्या दीडशे माणसांतले गवंडी किती आणि शिपाई किती, असे विचारा. मला वाटते, मायनाक भंडाऱ्याला हा प्रश्न कळलाच नसता. वल्हे मारणारा हात दगड उचलत होता, दगड उचलणारा हात तोफेला खांदा देत होता. तो स्वतः आरमाराचा सुभेदार, जातीने भंडारी, आणि त्या मोसमात व्यवहाराने बांधकामाचा मुकादमच म्हणायचा. मुंबईच्या वखारीतल्या कारकुनांनी पत्रांमागून पत्रे लिहिली ती या मुकादमाच्या भिंतीमुळे.

शिवकालीन राज्याला हे कळत होते याचा कागदी पुरावा पद्मदुर्गाच्या निमित्ताने मिळतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी राजपुरीसमोर हा जलदुर्ग उठवायचे काम चालू असताना प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने ठरलेला पैसा आणि धान्य वेळेवर पोचवले नाही. त्यावर जानेवारी १६७५ मध्ये महाराजांचे जे पत्र गेले, ते मराठीतल्या सर्वांत कडक सरकारी पत्रांपैकी एक असावे. रसद अडवून तू शत्रूचीच चाकरी करतो आहेस अशा अर्थाचा त्यातला सूर आहे, आणि ब्राह्मण म्हणून कोणी भीड धरणार नाही हेही स्पष्ट बजावले आहे. पत्र बहुतेक जण महाराजांच्या करारीपणाचा किंवा जातनिरपेक्षतेचा दाखला म्हणून वाचतात. मी ते आणखी एका अंगाने वाचतो. बेटावर दगडाशी झटणाऱ्या माणसाच्या पोटाला वेळेवर न मिळणे हा गुन्हा आहे, आणि तो हिशेबातली कसूर म्हणून नव्हे, गनिमाशी संगनमत म्हणून मोजला जाईल, असे एक राज्य आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी कळवते आहे. आजच्या कोणत्या संरक्षण-कंत्राटात मजुरांची मजुरी थकवणाऱ्या अधिकाऱ्याला असे पत्र गेले आहे?

पुढे १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा विचार नियमाच्या रूपात आला. गडावर कोणकोणती माणसे कायमची असावीत याची यादी तिथे दिली आहे. वैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांच्या एक-दोन असाम्या गडाच्या मानाने नेमून ठेवाव्यात; नेहमी काम पडतेच असे नाही, पण काम नसताना त्यांना रिकामे न बसवता दुसरी चाकरी घ्यावी. म्हणजे पाथरवट हा कामापुरता बोलावलेला बाहेरचा माणूस नाही, तो गडाच्या शिबंदीचा भाग आहे. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे असे सांगितले आहे. आरमाराच्या बांधकामात झाडाच्या मालकाचा हक्क लिहिलेला होता, कारागिराची जागाही लिहिलेली होती.

पण त्या काळावर फार भाळायलाही नको. जागा लिहिलेली होती, नावे लिहिलेली नव्हती. सिंधुदुर्गाबद्दल परंपरेने आकडे सांगितले जातात: पाचशे पाथरवट, दोनशे लोहार, तीन हजार मजूर. पायात शिसे ओतले, तीन वर्षांत काम उरकले, १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. आकडे थोडे इकडेतिकडे असतील. मुद्दा असा की शिशाचे वजन खंडीत सांगणारी परंपरा त्या तीन हजारांपैकी तीन नावे सांगत नाही. त्या पाचशेत एखादा मावळातला होता का, हेही नाही. नाव राहिले ते हिरोजी इंदुलकरांचे. सिंधुदुर्गाच्या आणि रायगडाच्या बांधकामाशी जोडलेले हे नाव रायगडावर जगदीश्वराच्या पायरीच्या दगडात आहे. चढणाऱ्या भक्ताचा पाय आपल्या नावाला लागावा म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. कथा गोड आहे. ती ऐकताना मला नेहमी एक खडा दाताखाली येतो. बांधणाऱ्याने पायरीवर नाव कोरावे यात त्याची नम्रता दिसते. आपण मात्र त्या नम्रतेचा नियम करून टाकला. स्थपतीचे नाव पायरीवर असेल, तर पाथरवटाचे नाव कुठे असायला हवे?

ओळखीचा दुसरा पेच आरमाराच्या जन्मातच आहे. १६५९ मध्ये गलबते बांधायला जे कसबी लोक घेतले त्यांत रुय लेतांव व्हिएगस याच्या हाताखालचे बरेच पोर्तुगीज आणि मिश्रवंशीय मेस्तिस होते. ही गलबते आज ना उद्या आपल्यावरच उलटतील हे वसई-गोव्याच्या पोर्तुगीजांना उमगले आणि त्यांनी या कारागिरांना फोडले. ते काम टाकून निघून गेले. नुसता मोबदला देऊन घेतलेले कसब बिकट वेळी निघून जाते, कारण त्याची निष्ठा दुसऱ्या हजेरीपटावर असते. आज्ञापत्रातला नेमून ठेवलेला पाथरवट मी या पार्श्वभूमीवर वाचतो. कसब आपल्या पदरी असले पाहिजे हे शहाणपण राज्याला फुकट आलेले नव्हते.

हेच शहाणपण शिकायला अमेरिकेला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले, आणि किंमत कितीतरी जास्त मोजावी लागली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने प्रशांत महासागरातले वेक बेट घेतले, तेव्हा तिथे नौदलाचा तळ बांधणारे हजाराहून अधिक नागरी कामगार होते. कंत्राटदार कंपन्यांची माणसे. त्यांतल्या काहींनी तोफांवर मदत केली, पण कायद्याच्या डोळ्यांत ते सैनिक नव्हते. गणवेशाविना हत्यार धरणाऱ्याला शत्रूने गनिमी म्हणून गोळी घातली तर दाद कोणाकडे मागायची? बहुतेकांना कैदी म्हणून नेले. बेटावर कामासाठी ठेवून घेतलेल्या ९८ जणांना ७ ऑक्टोबर १९४३ रोजी जपान्यांनी ठार केले. वेक पडल्यानंतर लगेचच, जानेवारी १९४२ मध्ये, रिअर ॲडमिरल बेन मोरील यांच्या मागणीवरून अमेरिकी नौदलाने बांधकाम पलटणी उभ्या केल्या. हेच ‘सी-बी’. गवंडी, सुतार, वीजतंत्री, रस्ते करणारे, पाणबुडे. सुरुवातीच्या भरतीत सरासरी वय ३७. बायकामुलांची, कसबात मुरलेली माणसे. त्यांना कसबाच्या मानाने हुद्दा आणि पगार दिला, हातात बंदूक दिली आणि ‘आम्ही बांधतो, आम्ही लढतो’ हे ब्रीद दिले. सप्टेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकनालच्या धावपट्टीवर पडलेले बॉम्बचे खड्डे त्यांनी हल्ले चालू असतानाच भरले. विशीतले मरीन सैनिक गमतीने म्हणत की सी-बीला मारू नका, तो कोणा मरीनचा बाप असायचा. मायनाक भंडाऱ्याने खांदेरीवर जे केले ते यांनी अडीचशे वर्षांनंतर नियमपुस्तकात घातले.

पण वर्दी चढली म्हणून सगळे मिटले असेही नाही. मार्च १९४५ मध्ये सी-बींच्या चौतिसाव्या पलटणीतल्या कृष्णवर्णीय जवानांना बढतीतल्या भेदभावाविरुद्ध उपोषण करावे लागले. नाव मिळाले, हुद्दा मिळाला, तरी वरच्या हुद्द्याची पायरी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. आपल्याकडे दगडावर पोट असलेल्या जातींची आजची जागा पाहिली की हे परके वाटत नाही. वडार आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत, बेलदार भटक्या जमातींच्या. दुर्गांचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्रात दगड घडवणाऱ्याला गावकुसात घर मिळायला किती पिढ्या लागल्या हे त्यांनाच विचारावे.

आता आपल्या आजच्या व्यवस्थेकडे येतो, कारण खरी गोम इथे आहे. भारतीय नौदलाला सी-बींसारख्या स्वतःच्या बांधकाम पलटणी नाहीत. नौदलाची बांधकामे मुख्यतः १९२३ मध्ये स्थापन झालेल्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडून होतात. तिथे वर लष्कराचे अभियंते आणि नागरी अभियंते असतात, त्यांच्याखाली नागरी कर्मचारी, आणि प्रत्यक्ष दगड-सिमेंट उचलणारा बहुतेकदा कंत्राटदाराचा माणूस. पुणे जिल्ह्याला समुद्र नसला तरी नौदल आहे: लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये १९४५ पासून जहाजांचे अभियंते घडतात. जहाजाचे इंजिन दुरुस्त करणारा नौसैनिक आहे, यात कोणाला शंका येत नाही. त्याच जहाजाचा धक्का बांधणारा कोण, याला मात्र एक उत्तर नाही.

संविधान उघडले तर पेच आणखी घट्ट होतो. सरकारी नोकराला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण देणारा अनुच्छेद ३११ संरक्षण खात्याशी निगडित पदांवरच्या नागरी कर्मचाऱ्यांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लेखराज खुराणा प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले आणि के. एस. सुब्रमणियन प्रकरणात १९८९ मध्ये पुन्हा सांगितले. कारण ते संरक्षणाशी जोडलेले. म्हणजे असा कर्मचारी हक्क मागायला गेला की तो सैन्याच्या फार जवळ असतो, आणि मान मागायला गेला की तो सैन्यापासून फार दूर असतो.

याहून बोलका खटला सीमा रस्ते संघटनेचा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत ग्रेफ नावाचे दल रस्ते बांधते. त्यातल्या काहींनी मागण्यांसाठी आंदोलन केले तेव्हा त्यांच्यावर लष्करी कायद्याखाली कारवाई झाली. आम्ही नागरी कर्मचारी आहोत, आम्हाला लष्करी न्यायालय कसे लावता, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. आर. विश्वन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ग्रेफ हा सशस्त्र दलांचाच भाग आहे, म्हणून अनुच्छेद ३३ खाली त्यांचे मूलभूत हक्क मर्यादित करता येतात. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत असेल. पण त्याचा क्रम पाहा. बांधणाऱ्याला सैनिक म्हणून मान्यता मिळाली ती शौर्याच्या प्रसंगी नाही, शिस्तभंगाच्या प्रसंगी मिळाली. खांदेरीवर भिंत आणि लढाई एक होती. इथे शिक्षा आणि वर्दी एक झाली.

म्हणूनच ‘सगळ्या मजुरांना सैनिक करून टाका’ हा सोपा उपाय मला पटत नाही, आणि वर लिहिले त्यावरून कोणी तसा अर्थ काढेल म्हणून हे स्पष्ट सांगतो. सैनिकाची वर्दी घातली की संघटना करण्याचा, संप करण्याचा, उघड बोलण्याचा हक्क जातो. वेतन थकले, पावसात छप्पर नाही, हातमोजे नाहीत, असे म्हणायला कामगाराकडे जे एकमेव हत्यार असते ते त्याच्याकडून काढून घेऊन त्याच्या हातात बंदूक द्यायची, हा सौदा शांततेच्या काळात तरी त्याच्या तोट्याचा आहे. उलट बाजूने, ‘तो कंत्राटदाराचा मजूर आहे, नौदलाचा त्याच्याशी काय संबंध’ हा पवित्राही टिकत नाही. कंत्राटदाराने पाठवलेला माणूस लढाऊ जहाजांच्या तळावर, पासची तपासणी करून, पहाऱ्यात काम करतो. त्या तळावर क्षेपणास्त्र पडले तर त्याच्या अंगावरही पडणार आहे. शत्रू कंत्राट वाचून नेम धरत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा जगाने १९४९ मध्येच आखून ठेवली आहे. युद्धकैद्यांबद्दलचा तिसरा जिनिव्हा करार आपल्या चौथ्या कलमात सैन्याचे सदस्य नसलेल्या, पण सैन्यासोबत काम करणाऱ्या लोकांचा वेगळा उल्लेख करतो. त्यांत पुरवठादार येतात, बातमीदार येतात आणि मजुरांच्या तुकड्याही येतात. सैन्याने त्यांना अधिकृत करून ओळखपत्र दिले असेल तर पकडले गेल्यावर त्यांना युद्धकैद्याचे संरक्षण मिळते. वेक बेटावरच्या ९८ जणांना जे नव्हते, ते. भारत या कराराचा पक्षकार आहे. म्हणजे ‘शिपाई की मजूर’ अशी निवड करण्याची गरजच नाही. सैन्यासोबतचा कामगार ही स्वतंत्र, मान्य ओळख आहे. शांततेत त्याला कामगाराचे सगळे हक्क, जोखमीत सैनिकाच्या तोडीचे संरक्षण. मराठीत सांगायचे तर आज्ञापत्रातल्या नेमलेल्या पाथरवटाची जागा, आणि वर पद्मदुर्गाच्या पत्रातली काळजी.

याला एक आक्षेप घेतला जाईल, की एवढ्या हजारो तात्पुरत्या माणसांची नोंद कोण ठेवणार? मला हा आक्षेप प्रामाणिक वाटत नाही. तळाच्या फाटकावर त्यांचे आधार, छायाचित्र, पोलीस पडताळणी या सगळ्यांची नोंद आजही होतेच. शंका घेण्यासाठी नाव लागते, तेव्हा ते बरोबर सापडते.

नाव कधी लागते याचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण मालवणचेच आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा उभा राहिला. काम नौदलाच्या देखरेखीखाली झाले होते. २६ ऑगस्ट २०२४ ला, नऊ महिने पुरे व्हायच्या आत, तो कोसळला. मग पुढचे कित्येक दिवस सारा महाराष्ट्र नटबोल्टांचा गंज, सांधे, वाऱ्याचा वेग आणि सल्लागारांची कागदपत्रे यांवर बोलत होता. संताप योग्यच होता. पण राजकोटवरून समोर पाहिले की सिंधुदुर्गाचा तट दिसतो, तीन शतके उलटून गेली तरी लाटा खात उभा असलेला. पडलेल्या कामाचा कर्ता आम्ही दोन दिवसांत शोधला. उभ्या राहिलेल्या कामाचे कर्ते शोधायची कोणालाच घाई नव्हती. बांधणाऱ्याचे नाव आपल्याकडे फिर्यादीत चटकन येते, शिळेवर सहसा येत नाही.

११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. राजगड त्यात आहे, सिंधुदुर्ग आहे, आणि खांदेरीही आहे. ज्या डोंगरावरून सिंधुदुर्गाचा हुकूम सुटला तो, ज्या बेटावर तो हुकूम दगडात उतरला ते, आणि जिथे तोफांखाली भिंत वाढली ते, तिन्ही एका यादीत. अशा स्थळी पुरातत्त्व खाते माहितीचे फलक लावते. पाली दरवाज्याजवळच्या आणि खांदेरीच्या धक्क्यावरच्या फलकावर लढाईच्या तारखांबरोबर चुना कसा मळला, दगड कुठून आला, कोणत्या भरतीला होड्या लागत, आणि ते काम करणारे पाथरवट, लोहार, कोळी, भंडारी कोण होते याच्या चार ओळी घालायला जागा नक्की निघेल. नावे गेली असली तरी कामाचे नाव लिहिता येते.

पण फलकापेक्षा जिवंत माणसाचे आधी व्हायला हवे. सीमा रस्ते संघटनेच्या रोजंदार मजुरांसाठी संरक्षण मंत्रालयाने अलीकडे दोन निर्णय घेतले. २०२३ मध्ये, कामावर मेलेल्या रोजंदाराचा मृतदेह सरकारी खर्चाने घरी पोचवण्याची सोय झाली आणि अंत्यसंस्काराची रक्कम १,००० रुपयांवरून १०,००० रुपये केली गेली. म्हणजे तोपर्यंत देशाच्या सीमेवर रस्ता करताना मेलेल्या मजुराच्या शेवटच्या कार्याची सरकारी किंमत हजार रुपये होती. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना १० लाख रुपयांचा गटविमा मंजूर झाला. दोन्ही निर्णय चांगले आहेत, आणि त्यांनी हेही सिद्ध केले की ‘तात्पुरत्या माणसांची नोंद ठेवता येत नाही’ हे खरे नाही. हा विमा रस्त्यांच्या रोजंदारांसाठी आहे. नौदलाच्या गोदीत, धक्क्यावर, बेटावरच्या तळावर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबणाऱ्यालाही तो त्याच रकमेने लागू करावा, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या हाती नौदलाच्या शिक्क्याचे, जिनिव्हा करारात बसणारे ओळखपत्र द्यावे.